चार नंबरची नळी आणि राहून गेलेला कर्ता

शेळके,

काल आपल्या नेमबाजी क्लबने तुमची शोकसभा घेतली. वाक्यात कर्ता घातला आहे, पाहून घ्या. तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले, तरी माझी ही खोड गेलेली नाही हे वाचून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता आणि "सरजी, तुम्ही पण ना" एवढंच म्हणाला असता.

स्नेहलतागंजातल्या शाळेमागची आपली तीच शेड. दहा मीटरवर सहा कागदी निशाणं, अलीकडे सहा टेबलं, आणि मधल्या टेबलावर तुमचा फोटो. तो कापड मिलच्या गेटपासवरून मोठा केलेला होता, कारण सुनंदाला दुसरा सापडला नाही. एवढ्या वर्षांत बाबांचा क्लबातला एकही फोटो असू नये याचं लेक म्हणून तिला वाईट वाटत होतं. मी तिला सांगितलं की फोटो निघायचे तेव्हा तुझे बाबा टेबलाशी वाकलेले असायचे आणि त्यांच्या हातात नळी असायची. कप घेणाऱ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहायचं असतं; नळीतून पाहणाऱ्याला तेवढी सवड नसते.

सभेत सहा जण बोलले. मी मध्येच दोनदा उठलो आणि बोलणाऱ्यांना दुरुस्त केलं. शोकसभेत असं करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण चुकीचं ऐकून मान डोलावणं हा शिष्टाचार असेल, तर तो मी शाळेत मराठी शिकवताना पाळला नाही आणि आता एक्क्याऐंशीव्या वर्षी शिकणार नाही. तिसऱ्यांदाही उठायला हवं होतं. तेव्हा मी उठलो नाही. हा मजकूर त्या तिसऱ्या वेळेचा आहे. तो मी आपल्या मराठी मंडळाच्या अंकात छापायला देणार आहे, म्हणजे काल सभेत जे हसले त्यांच्या घरी तो आपण होऊन पोहोचेल.

पहिल्यांदा उठलो ते अध्यक्षांच्या भाषणात. सध्याचे अध्यक्ष भले गृहस्थ आहेत, पण ते इंदुरात आले तोवर मिलचे भोंगे थांबले होते आणि मिल कुठे होती हे त्यांना बोट दाखवून सांगावं लागतं. ते म्हणाले की मिल बंद झाल्यावर क्लबने शेळकेजींना आश्रय दिला. मी उभा राहून म्हटलं, "आश्रय आम्ही मागितला होता. त्यांच्या दारात मी स्वतः गेलो होतो." दोघांनी मला हाताला धरून खाली बसवलं. तेव्हा जे अर्धं राहिलं ते इथे पुरं करतो.

तेव्हाच्या आपल्या सहाही रायफली हवेच्या, मधोमध मोडून छर्रा भरायच्या. दारू नाही, धूर नाही, म्हणून लोकांना वाटतं की नळी मळतच नाही. पण छर्रा शिशाचा असतो आणि जाताना आपल्या अंगाचं थोडं थोडं नळीला लावून जातो. त्या वर्षी आमच्या रायफलींनी नेम धरणं सोडलं होतं. जो मनुष्य तेव्हा दुरुस्तीला येई तो लोखंडी सळईला तारेचा ब्रश लावून नळ्या घासत असे, आणि जितका घासे तितक्या गोळ्या जास्त पसरत. कोणीतरी सांगितलं की परदेशीपुऱ्यात मिलचा एक फिटर घरी बसला आहे, सूत कातायच्या स्पिंडलवर त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही. चार नंबरची रायफल खाकी गवसणीत घालून मी स्कूटरवर निघालो.

तुम्ही घरी बसलेले नव्हता. मिलला टाळं लागून काही महिने झाले होते, पण अनंत चतुर्दशी आठ दिवसांवर होती आणि मिलवाल्यांची झांकी, म्हणजे हलत्या देखाव्यांची गाडी, निघणारच होती. एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले मला दिसले. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. आतून आवाज आला, "रुका जरा, सरजी. रावणाची मान अडकली आहे."

मी पाऊण तास उभा राहिलो. मनात म्हटलं की काम गेलेली माणसं गाडीवरच्या रावणासाठी उताणी पडून घाम गाळतात, हा निव्वळ वेडेपणा आहे. माझं चुकलं होतं. ज्या हातांना कोणी काम देत नव्हतं ते हात बिघडू नयेत म्हणून तुम्ही सगळे त्या गाडीखाली होता. हे मला पुढे कळलं, आणि कळल्याचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

बाहेर येऊन तुम्ही हात पुसले, रायफल मोडली आणि नळी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिलात. "सरजी, यात तर पीळ आहे."

मी म्हटलं, त्याला रायफलिंग म्हणतात. नळीच्या आत वळत जाणाऱ्या खाचा असतात, त्या छर्ऱ्याला फिरकी देतात, म्हणून तो सरळ जातो.

"ते तुम्ही म्हणत असाल. हा पीळ आहे. अपन सुताला देतो तोच. उजवा आहे." मग पुन्हा डोळा लावून म्हणालात, "पीळ चांगला आहे, पण घासला कोणी हा?"

शेळके, तुम्ही माझ्याशी बोललेल्या पहिल्या दहा वाक्यांतलं हे एक, आणि त्यात तुम्ही कर्ता विचारलात. तेव्हाच मी ठरवलं की हा मनुष्य पाहिजे. तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. आधी रावण, मग रायफल, असं सांगून मला आठ दिवस थांबवलंत. ज्याला आश्रय हवा असतो तो देणाऱ्याला आठ दिवस ताटकळत ठेवत नाही, एवढं अध्यक्षांना समजायला हरकत नाही.

त्याच दिवसाचा एक वाद आपल्यात राहिला आहे. छर्रा ज्या वाटेने जातो त्याच वाटेने कापड जायला हवं. मागून आत, तोंडाकडून बाहेर. उलट कधीही नाही. हे वाक्य आज शेडच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. माझं म्हणणं असं की ते त्या दिवशी मी बोललो. तुमचं म्हणणं असं की ते तुम्ही गाडीखालून बोललात आणि मी वर उभ्या उभ्या ऐकलं. साक्षीदार एकटा रावण, आणि त्याची मान तेव्हा दुसरीकडे होती. हा वाद मी सोडत नाही. तुम्ही गेलात म्हणून मी मागे हटेन असं समजू नका.

दुसऱ्यांदा उठलो ते कार्यकारिणीतल्या एका तरुण सभासदाच्या बोलण्यात. तो म्हणाला की शेळकेकाकांच्या हाताखाली बंदुका नेहमी आरशासारख्या चमकायच्या. मी म्हटलं, "चमकत नव्हत्या. त्यांनी चमकू दिल्या नाहीत." लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा काहीतरी बरळतो आहे. पण तुमचं सगळं मोठेपण त्या न चमकण्यात आहे, आणि ते तुम्हाला एका चुकीतून मिळालं. ती चूक मिलच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी केली नसती.

मिलमध्ये आठवड्याला यंत्र थांबवून साफ करायचा दिवस ठरलेला. यंत्राला गरज आहे का हे कोणी विचारत नसे. वार आला की सफाई. ती शिस्त तुम्ही शेडमध्ये आणलीत. दर रविवारी सहाही नळ्या, रिंग फ्रेमच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्राच्या, रुळांवर चढवायच्या त्या पांढऱ्या फ्लॅनेलचे तुकडे, आणि तुम्ही स्वतः वळलेली चौपदरी सुताची दोरी. सुती दोरी, कारण तिने नळीला ओरखडा जात नाही. तेल नखाएवढं, आणि तेही नंतर कोरड्या कापडाने टिपलेलं. मागे तेल राहिलं तर दाबाने ते आतल्या आत पेटतं, वास येतो आणि छर्रा मन मानेल तिथे जातो, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात नाकाने ओळखलं होतं. कामात बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तरी दर सोमवारी मुलांच्या गोळ्या पसरत, बुधवारपर्यंत जमून येत आणि शनिवारी उत्तम बसत. कोच म्हणून मी सोमवारी मुलांवर ओरडत असे. रविवारी आळसावतात, असं माझं निदान.

तुम्ही ओरडला नाहीत. तीन दिवस रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून एकेक छर्रा मारत बसलात आणि प्रत्येकाची जागा वहीत लिहीत गेलात. चौथ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणालात की मुलांना बोलू नका, चूक रविवारची आहे. साफ नळी उघडी पडते. तिच्यावरून वीसेक छर्रे जाऊन शिशाचा पातळ हात फिरला की ती बसते, आणि मग जोवर नेम धरते आहे तोवर तिला कोणी छेडायचं नसतं. साफ करायची ती वार पाहून नव्हे, कागदावरची भोकं पाहून. अर्ध्या आयुष्याची शिस्त तुम्ही तीन दिवसांत मोडलीत, तीही स्वतःच्या हाताने. मी अनेक विद्वान पाहिले आहेत, शेळके. आपलं चुकलं हे स्वतः मोजून, स्वतः लिहून, स्वतः सांगायला येणारा तुमच्याखेरीज पाहिला नाही. ती नळी बसताना मी शेजारी होतो, याचा मला आजही गर्व आहे.

तिथून दोऱ्यांची पद्धत आली. मिलमध्ये सुताचा नंबर ओळखायला रंगीत खुणा असत. तुम्ही रायफलींच्या ट्रिगरच्या कडीला सूत बांधायला लागलात. हिरवा दोरा म्हणजे साफ केली आहे, अजून बसायची आहे. लाल दोरा म्हणजे नेम धरते आहे, हात लावू नका. बाहेरगावचे कोच आले की विचारत, हा गंडा कशाचा? तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगायचात, "नजर लागू नये म्हणून. सरजींची."

पुढे देशाची दारं उघडली आणि परदेशी वस्तू येऊ लागल्या. क्लबने एक जर्मन रायफल घेतली, तिच्यासोबत प्लास्टिकच्या डबीत सफाईचं सामान आलं. सगळे त्या डबीभोवती जमले. तुम्ही त्यातली नायलॉनची दोरी चिमटीत घेऊन फिरवलीत आणि म्हणालात, "पीळ ढिला आहे." मग नळीतून ढकलायच्या नमद्याच्या चकत्या पाहिल्यात आणि त्यांना मात्र मान दिलात: "हे चांगलं आहे. हे आपल्याला सुचायला पाहिजे होतं." जर्मन रायफलसाठी चकत्या जर्मनच वापरल्यात, दोरी मात्र आपली. परक्याचं म्हणून नाकारलं नाहीत, परक्याचं म्हणून पायाही पडला नाहीत. ज्या काळात आपलं शहर या दोन्हींपैकी एक करण्यात गुंतलं होतं, त्या काळात तुम्ही हे केलंत.

तुमच्या कामाच्या नोंदींच्या वहीबद्दल मला थोडं जास्त लिहावं लागेल, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं.

तुमची मराठी म्हणजे इंदुरातल्या गल्लीची मराठी. क्रियापदं आपली, बाकी जे हाताला येईल ते. मला ती सोसत नसे. दर शनिवारी तुम्ही वही घेऊन यायचात, मी लाल शाईने तपासायचो, आणि तुम्ही ते मनावर घ्यायचात. माझा मुख्य राग एका गोष्टीवर होता. 'स्प्रिंग बदलली गेली.' 'तेल टाकण्यात आलं.' कोणी? कर्ता लिहा, शेळके. ज्याने केलं त्याचं नाव आलंच पाहिजे; बिनकर्त्याची वाक्यं ही पळवाट असते. तुम्ही एकदा म्हणालात, "आडनाव मोघे आणि तुम्हालाच मोघम चालत नाही." ते मी पुढे वर्गात सांगून टाळ्या घेतल्या. टाळ्या तुमच्या होत्या.

आणि मिलवरून झालेला तो मोठा वाद. तुम्ही नेहमी म्हणायचात, 'मिल बंद झाली तेव्हा.' मी एकदा चहाचा कप खाली ठेवून म्हटलं की मिल काही वारा सुटल्यासारखी आपण होऊन बंद होत नाही. बंद केली म्हणा, आणि कोणी ते सांगा.

तुम्ही म्हणालात, "एक असता तर सांगितला असता, सरजी. इतके जण आहेत की वाक्य संपणार नाही. आणि त्यातले काही रोज भेटतात. राम राम करतात. त्यांना पण माहीत आहे, मला पण माहीत आहे."

"मग तोंडावर सांगा."

"सांगून काय होईल? त्याने स्वतः सांगितलं तर त्याला काही किंमत."

मी त्याला भेकडपणा म्हटलं. तो शब्द मी वापरला होता, शेळके, आणि तुम्ही कप विसळायला उठून गेलात. त्या शब्दाबद्दल मी आज माफी मागतो. वादातला मुद्दा मात्र माझाच बरोबर होता, आणि तो किती बरोबर होता हे आता मी स्वतःवरूनच सिद्ध करतो.

काल सभेच्या शेवटी अध्यक्ष वातावरण हलकं करावं म्हणून पुन्हा उठले आणि सांगू लागले, "आपले शेळकेजी एकदा जोशमध्ये आले. नव्या शेडचं उद्घाटन होतं, पाहुणे येणार होते. चार नंबरला अशी पॉलिश मारली, अशी पॉलिश मारली, की दुसऱ्या दिवशी मॅचमध्ये अपूर्वाच्या गोळ्या निशाण सोडून भिंतीला!" सगळे हसले. प्रेमाने हसले, त्यांचा दोष नाही. सुनंदाही डोळे पुसत हसली. अपूर्वा, जी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि आता आपल्या क्लबच्या मुलांना नेमबाजी शिकवते, माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सर, यावेळी काही दुरुस्ती नाही?"

मी म्हटलं, गुडघा दुखतो आहे.

आता खरं काय ते.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तुम्ही बेटम्याला गेलात. पुतणीचं लग्न होतं. जाताना चार नंबरच्या कडीला लाल दोरा बांधलात आणि मला दोनदा बजावलंत की ही अपूर्वाच्या हाताला बसली आहे, आता हिला कोणी हात लावायचा नाही. कमिटीने हिरव्या कापडावर रायफली मांडायचं ठरवलं होतं. जुन्या सहांत चार नंबर सगळ्यांत काळवंडलेली दिसत होती. तिच्या तोंडाशी एक तांबूस डागही होता. पाहुण्यांपुढे ती तशी ठेवायची मला लाज वाटली. वीस वर्षं कोच म्हणून मिरवणाऱ्या माणसाला, शेडच्या भिंतीवरचं ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगणाऱ्याला. मी दोरा सोडला. लोखंडी सळईला फडकं गुंडाळून, पितळ घासायचं पॉलिश लावून, ती नळीच्या तोंडाकडून आत घातली, कारण तसं लवकर होतं. मग डागावर पॉलिश पेपर फिरवला. अर्ध्या तासात नळी आरशासारखी झाली. दोरा पुन्हा बांधला. पाहुण्यांनी ती उचलून पाहिली आणि वाखाणली. मी छाती काढून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी अपूर्वाने त्या रायफलीने सामना खेळला. पहिल्या पाचांतच तिचा चेहरा उतरला. श्वास बदलला, पवित्रा बदलला, तरी गोळ्या डावीकडे खाली जात राहिल्या. माझ्याकडे पाहत होती. मी तिला कोपर सरळ ठेव म्हणून सांगितलं. कोपर सरळच होतं. संध्याकाळी तिने जॅकेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली की सर, मला हे जमत नाही.

मंगळवारी तुम्ही आलात. रायफल हातात घेतलीत आणि काही विचारलं नाहीत. खिशातून कापसाचा पुंजका काढलात, त्यातली चार तंतूंची वात ओढलीत आणि नळीच्या तोंडावरून अलगद फिरवलीत. एका जागी तंतू अडकला. तुम्ही तो अडकलेला तंतू मला दाखवलात. मग माझ्याकडे पाहिलंत, एकदाच, आणि रायफल घेऊन टेबलाशी गेलात. छर्रा नळीतून निघताना सगळ्यांत शेवटी ज्या कडेला शिवतो ती कड मी खाल्ली होती. तिथे केसाएवढी खोच असली तरी छर्रा कलतो.

पुढचे दहा-बारा दिवस मी जे पाहिलं ते कोणत्याही कपापेक्षा मोठं आहे, आणि काल ते एकानेही सांगितलं नाही, कारण ते पाहणारा मी एकटा होतो. पितळी स्क्रूचं गोल डोकं, त्यावर घासायची बारीक पेस्ट, आणि ते नळीच्या तोंडात ठेवून दोन बोटांत गोल गोल फिरवणं. यंत्र नाही, लेथ नाही. दर थोड्या वेळाने पुसायचं, कापूस फिरवायचा, पाहायचं. स्पिंडल जरा डगमगलं तर सूत तुटतं, त्या हिशोबाने तुमचं मनगट घडलेलं होतं. शेवटच्या दिवशी कापूस सगळीकडून फिरला आणि कुठेच अडकला नाही. तुम्ही वीस छर्रे मारून नळी बसवलीत, मग पाच छर्ऱ्यांचा कागद घेऊन सरळ अपूर्वाच्या घरी गेलात. पाचांचं मिळून एक भोक. तिला म्हणालात, "बेटा, चूक नळीची होती. तुझी नाही." तिने विचारलं की नळीला काय झालं होतं. तुम्ही म्हणालात, "पॉलिश झालं होतं."

पॉलिश झालं होतं. आणि नळ्यांचं काम तुमचं, म्हणून सगळ्यांनी आपापसात कर्ता घालून घेतला: शेळके. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. अपूर्वा परत आली आणि त्याच चार नंबरने पुढे राज्याच्या संघात गेली. सत्कार माझा झाला. माझा सत्कार क्लबने केला, असं लिहायला हवं. मी तो घेतला, असंही.

नळी दुरुस्त झाली त्या शनिवारी तुम्ही नेहमीसारखी वही आणलीत. ते पान मला आजही समोर दिसतं. दोन नंबर मी साफ केली. पाच नंबरची स्प्रिंग मी बदलली. सुताराने टेबल पक्कं केलं. प्रत्येक वाक्यात कर्ता, मी शिकवला तसा, चोख. आणि मध्ये एक ओळ: 'चार नंबर. नळीला आणि तोंडाला पॉलिश झालं.' त्यापुढे थोडी जागा मोकळी. मी पान वरपासून खालपर्यंत तपासलं. लाल पेन हातात होतं. खाली सही केली आणि वही परत दिली.

तुम्ही पान पाहिलंत. "आज लाल काहीच नाही, सरजी?"

मी म्हटलं, "नाही. सगळं बरोबर आहे."

"बरं," म्हणालात, आणि चार नंबरला लाल दोरा बांधायला गेलात.

तुम्ही मला वाचवत होता की तपासत होता, यावर मी पुष्कळ वर्षं घालवली. आता मला वाटतं, दोन्ही. चहाच्या वादात तुम्ही जे म्हटलं होतं त्याप्रमाणे तुम्ही वागलात, एवढंच. त्याने स्वतः सांगितलं तर त्याला काही किंमत. तुम्ही दर शनिवारी यायचात, राम राम करायचात, वही पुढे ठेवायचात. तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आपण शेवटपर्यंत एकमेकांना तुम्ही म्हटलं; लोकांना ते अंतर वाटलं. मला तो मान वाटायचा, आणि त्यातला माझ्या वाट्याचा मान मी त्या एका शनिवारी कमावला नव्हता, हे तुम्ही कोणाला कळू दिलं नाहीत.

सभा संपल्यावर कमिटीने ठरवलं की तुमची वही काचेच्या कपाटात ठेवायची, आणि पान उघडं ठेवायचं ते पॉलिशचं. मजेची आठवण म्हणून. खाली लावायच्या कार्डावर दोन ओळी लिहिण्यासाठी वही माझ्याकडे दिली, कारण शुद्ध मराठी मोघे सरांची. सुनंदाने ती स्वतः आणून दिली. म्हणाली, बाबांच्या हाताने झालेली एकच चूक, सर, छान लिहा.

एकही चूक नव्हती, सुनंदा. होती ती रविवारची, आणि ती त्यांनी तीन दिवसांत स्वतः शोधली.

आज सकाळी मी लाल पेन घेऊन बसलो. 'पॉलिश झालं' यातलं 'झालं' खोडलं. तुम्ही सोडलेली जागा मोजून ठेवल्यासारखी पुरली. तिथे लिहिलं: 'मोघ्यांनी केलं. शेळक्यांनी दुरुस्त केलं.' खाली सही केली, आजची तारीख घातली. कार्डावर काही लिहायची गरज नाही. अध्यक्षांना निरोप धाडला आहे की वही काचेत ठेवा, पान तेच उघडं ठेवा, आणि ते मुलांना वाचायला लावा. ती ओळ मी अपूर्वाला आधी दाखवणार आहे. चार वाजता येते ती.

वाक्य पुरं झालं आहे, शेळके. तपासून घ्या.